हायब्रिड मोटारीच्या धुराचा जमाखर्च

हायब्रिड मोटार घेण्याच्या विचारात असलेला गृहस्थ चौकशीस निघाला, म्हणजे त्याच्या तोंडी बहुधा दोनच प्रश्न असतात: गाडी ॲव्हरेज किती देते, आणि बॅटरी किती वर्षे टिकते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे विक्रेत्याच्या जिभेवर तयार असतात. परंतु सायलेन्सरच्या तोंडातून काय बाहेर पडते आणि ते केव्हा पडते, याविषयी विचारणारा व सांगणारा दोघेही मौन पाळतात, कारण पेट्रोल कमी जळते त्या अर्थी धूरही कमीच निघणार अशी दोघांचीही समजूत असते. ही समजूत अर्धी खरी आहे. तिचा खरा भाग कोणता, आणि जो खरा नाही त्याच्यासाठी अभियंत्यांनी कोणकोणती तजवीज करून ठेवली आहे, हे एकदा नीट ध्यानी आले, की गाडी निवडताना, चालवताना आणि तिची निगा राखताना आपण काय करावे व काय टाळावे, हे बहुतांशी आपोआपच उमगते.

धुराची दोन स्वतंत्र खाती मांडावीत. पहिल्या खात्यात एकटा कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे हा वायू सुमारे २.३ किलो तयार होतो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू निघतो हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, परंतु जळताना हवेतला प्राणवायू कार्बनास येऊन मिळतो आणि वजनाची भर तो घालतो. हे खाते पेट्रोलच्या खपाशी घट्ट बांधलेले असल्यामुळे, २,३०० या संख्येस लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरांनी भागले की किलोमीटरमागील ग्रॅम हाती येतात: लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी ११५ ग्रॅम सोडते, आणि मारुती सुझुकीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडला चाचणीत मिळालेल्या २७.९७ या आकड्याबरहुकूम हिशेब केला तर ८२ ग्रॅम भरतात. दुसऱ्या खात्यात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण येतात, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या फुप्फुसांशी प्रत्यक्ष संबंध याच खात्याचा आहे. यातले वायू पेट्रोलच्या प्रमाणात चालत नाहीत. निम्मे पेट्रोल जाळणारी गाडीदेखील यांपैकी एखादा वायू दुसरीइतकाच, आणि प्रसंगी तिच्याहून अधिक सोडू शकते. पुढील सारे विवेचन या एका विसंगतीभोवती फिरणारे आहे.

पहिल्या खात्यात हायब्रिडने मिळवलेले यश निर्विवाद आहे, आणि त्याचे श्रेय लोक समजतात तसे एकट्या बॅटरीचे नाही. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ साली असे एक इंजिन योजिले होते की, ज्यात वायूचे आकुंचन थोडे आणि प्रसरण दीर्घ व्हावे, म्हणजे ज्वलनातून निर्माण झालेला दाब धुराड्यात फुकट न दवडता शेवटपर्यंत कामास जुंपता यावा. कल्पना उत्तम, पण अशा इंजिनाचा जोर मंद गतीवर इतका तोकडा पडतो की, नुसत्या त्याच्या भरवशावर गाडी सिग्नलवरून उठेना. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटाच्या प्रियस गाडीने हा तोकडेपणा विद्युत-मोटरकरवी भरून काढला आणि शतकाहून अधिक काळ पुस्तकात पडून राहिलेल्या तत्त्वास रस्ता मोकळा करून दिला. आजच्या इंजिनांत ॲटकिन्सनच्या मूळच्या दांड्यांची गुंतागुंत नसते. आत येणारी हवा घेण्याची झडप थोडी उशिरा मिटवून तोच परिणाम साधला जातो. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या प्रियसपर्यंत या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांवर पोहोचली होती. तोवर धुराचा काही अंश थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची युक्ती आणि पट्ट्याऐवजी विजेवर फिरणारा पाण्याचा पंप, अशा लहानलहान सुधारणा तिसऱ्या पिढीपासून तिच्यात भरल्या गेल्या होत्या. प्रत्येक सुधारणा पाहिली तर टक्का-दीड टक्क्याची. पण अभियांत्रिकीत पुष्कळदा अशाच कसरी जुळवून मोठी रक्कम उभी राहते.

ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेविषयी मात्र आपल्या लोकांच्या अपेक्षा अंमळ जास्त असतात. प्रवाशांसह दीड टन भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर तिच्या गतीतली सारी ऊर्जा मिळून ०.०६ युनिटाच्या आतच भरते, आणि तीही सगळी हाती लागत नाही. शहरात हीच क्रिया शेकडो वेळा घडते म्हणून बेरीज लक्षणीय होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ती जवळजवळ शून्यावर येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तेथे हायब्रिडचे श्रेष्ठत्व बरेच ओसरते. घाटाचा मामला याहून मजेदार आहे. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे साडेपाचशे मीटरांचा. इतक्या उंचीवरून दीड टनाची गाडी खाली येते तेव्हा सव्वादोन युनिटे ऊर्जा मोकळी होते. चाकांचे घर्षण आणि वारा आपला वाटा घेतात हे खरे, पण ग्रँड व्हिटारासारख्या गाडीची बॅटरी अवघी पाऊण युनिटाची, आणि तिचाही मधलाच भाग वापरण्याची यंत्रणेस मुभा असते. तेव्हा निम्मा घाट उतरण्यापूर्वीच बॅटरी तुडुंब होते आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. पुढचा रस्ता नकाशावरून आधीच ओळखून, उतार लागण्यापूर्वी बॅटरी मुद्दाम रिकामी करून ठेवणारी नियंत्रण-पद्धती हा या कोंडीवरचा खरा इलाज आहे, आणि सह्याद्रीच्या प्रदेशात राहणाऱ्या खरेदीदाराने ही सोय गाडीत आहे किंवा कसे याची आवर्जून चौकशी करावी. ती नसेल तर निदान घाटमाथा येण्याआधीचे काही किलोमीटर वेग कमी ठेवून गाडी मोटरवर चालू द्यावी. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ खूण असेल तर ती उताराच्या आरंभीच लावू नये. बॅटरी भरल्यावर इंजिनाचा रोध हवा असतो तेव्हाच ती उपयोगाची, एरवी परत मिळू शकणारी ऊर्जा ती व्यर्थ घालवते.

आता दुसऱ्या खात्याकडे वळतो, आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

पेट्रोल गाडीतील विषारी वायूंचा बंदोबस्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या त्याच्या जाळीतून जाताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे ज्वलन पुरे होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन होते. परंतु त्याच्या दोन अटी आहेत. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला एक याच्या अगदी निकट राहिले पाहिजे, आणि जाळी निदान अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापलेली पाहिजे. थंड कन्व्हर्टर म्हणजे नुसती नळी. म्हणूनच आधुनिक गाडीच्या एकूण विषारी धुराचा फार मोठा हिस्सा सकाळी इंजिन सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडून चुकलेला असतो. त्यानंतर ती दिवसभर चालली तरी भर अल्पच.

साध्या गाडीला हा दंड दिवसातून एक-दोनदा भरावा लागतो. हायब्रिडचे इंजिन मात्र प्रत्येक प्रवासात अनेकदा झोपते आणि अनेकदा उठते. ते झोपलेले असताना कन्व्हर्टर निवतो, आणि इंजिन नुसते फिरून थांबताना त्यातून जी कोरी हवा जाते तिच्यातला प्राणवायू जाळीत साठून राहतो, ज्यामुळे पुढच्या आरंभी नायट्रोजनची ऑक्साइडे न फोडताच निसटतात. सर्वांत वाईट प्रसंग तो, की गाडी विजेवर निमूट चालली आहे, इंजिन पुरते गार आहे, आणि चालकाने ट्रक ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर एकदम दाबला. थंड इंजिनावर पहिल्याच क्षणी पूर्ण भार येतो आणि थंड जाळीतून धूर तसाच बाहेर जातो. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन गाड्यांत ही आपत्ती विशेष. त्या गाड्यांच्या पहिल्या खात्याचीही स्थिती वेगळी सांगण्यासारखी नाही: युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष रस्त्यावरील नोंदींत त्यांचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतील आकड्याच्या साडेतीनपट आढळला, कारण मालक त्या पुरेशा चार्जच करत नव्हते. रोज रात्री केबल लावण्याची तसदी जो घेणार नाही, त्याने असली गाडी घेऊ नये.

या दुखण्यावर अभियंत्यांनी जे उपाय शोधले ते मला फार बुद्धिमान वाटतात, आणि त्यांतला पहिला तर हायब्रिडशिवाय कोणास साधणेच शक्य नव्हते. थंड इंजिन सुरू होते तेव्हा चाके ओढण्याचे काम मोटर स्वतःकडे घेते, आणि इंजिन विनाभार, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडत, केवळ जाळी तापवण्यासाठी मिनिटभर फिरत राहते. उशिरा पेटलेला वायू जळत-जळतच बाहेर पडतो आणि कन्व्हर्टरला ऊब देतो. टोयोटाच्या गाड्यांत इंजिन उठवण्याचे कामही एक स्वतंत्र विद्युत-यंत्र करते, आणि ते इंजिनाला ऐटीत मिनिटाला हजारभर फेऱ्यांपर्यंत फिरवून घेतल्यावरच पेट्रोलची पहिली फवारणी होते, त्यामुळे साध्या स्टार्टरवर घरघरत सुरू होताना जे पेट्रोल कच्चे निघून जाते ते येथे वाचते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर सुमारे तीन लिटर तापलेले कूलंट तीन दिवसांपर्यंत ऊन ठेवणारा थर्मासच बसवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू होण्यापूर्वी ते त्यात खेळवले जाई. पुढच्या पिढीत हा थर्मास गेला आणि त्याच्या जागी सायलेन्सरमधून वाया जाणारी उष्णता कूलंटकडे वळवणारी योजना आली. त्याहीपूर्वीच्या अमेरिकी प्रियसमध्ये थंड अवस्थेतले हायड्रोकार्बन झिओलाइटच्या थरात धरून ठेवून, जाळी तापल्यावर ते सोडण्याची व्यवस्था होती. विजेने तापणारी जाळी हा अलीकडचा उपाय, आणि हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी आयतीच असल्यामुळे तो तिला साजणारा. अडचण किमतीची आहे, तत्त्वाची नाही.

पेट्रोलच्या टाकीचाही एक प्रश्न आहे. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना तेथून ओढून जाळली जाते. पण इंजिन जितके कमी चालेल तितका तो डबा रिता होण्याची संधी कमी. आपल्याकडच्या वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हे किरकोळ मानता येत नाही. टाकी काठोकाठ, पाइप हलवून-हलवून भरून घेण्याची आपल्या पंपांवरची चाल येथे अपायकारक ठरते, कारण द्रव पेट्रोल त्या डब्यात शिरले की कोळसा निकामी होतो. नळी आपोआप बंद झाली की थांबावे.

इतकी पार्श्वभूमी ध्यानी ठेवून खरेदीकडे पाहावे. पाटीवर हायब्रिड लिहिलेली प्रत्येक गाडी वर वर्णिलेल्या वर्गातली नसते. पट्ट्याने जोडलेला लहानसा मोटर-जनरेटर इंजिनास थोडा हात लावतो, सिग्नलला ते बंद करून पुन्हा चालू करतो, अशा गाड्यांना माइल्ड हायब्रिड म्हणतात. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये ही रचना आणली होती. तीत गाडी केवळ विजेवर चालू शकत नाही, बचत अल्प असते, आणि थंड इंजिनास भारमुक्त ठेवून जाळी तापवण्याची युक्तीही तिला वापरता येत नाही. दोन्ही खात्यांत खरा फरक हवा असेल तर स्ट्राँग हायब्रिड पाहावी. त्यांतही प्रकार आहेत: टोयोटा व मारुतीच्या गाड्यांत इंजिन आणि मोटर यांची शक्ती दंतचक्रांच्या एका संचातून वाटली जाते, तर २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी हायब्रिडमध्ये इंजिन बहुतेक वेळ केवळ वीज तयार करते आणि मोकळ्या रस्त्यावर, वेग वाढल्यावर, क्लचद्वारे चाकांना सरळ जोडले जाते. शहरी वापरास दोन्ही चांगल्या. ज्याचे आठवड्यातले निम्म्याहून अधिक अंतर महामार्गावर ताशी शंभराच्या वेगाने जाते, त्याने मात्र जादा किंमत वसूल होण्याची आशा बेताचीच धरावी. इंजिनात पेट्रोल कोठे फवारले जाते हेही विचारावे. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत सूक्ष्म कण अधिक निघतात, आणि तसे इंजिन असल्यास कणांची गाळणी आहे ना, याची खातरजमा करावी. गाडीची बनावट १ एप्रिल २०२३ नंतरची असणे श्रेयस्कर, कारण भारत स्टेज सहाचा दुसरा टप्पा तेव्हापासून लागू झाला आणि प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर, उपकरणे जोडून धूर मोजणे नियमात आले.

गाडी दारात आल्यावर निगेचे काम मालकाचे. इंजिन ऑइल हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित विषय. या इंजिनांसाठी ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे अत्यंत पातळ ऑइल ठरवलेले असते, कारण दिवसातून पन्नासदा थांबून-सुरू होणाऱ्या इंजिनात दाट ऑइलचे घर्षण पुन्हापुन्हा मोजावे लागते. आणि आपल्या उकाड्याला दाटच बरे, असा सल्ला देणारे मेकॅनिक गल्लोगल्ली भेटतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिले असेल त्याच्या बाहेर जाऊ नये. पुष्कळ हायब्रिडांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी गाडीच्या आतली हवा मागच्या आसनाजवळील झरोक्यातून ओढली जाते. त्या झरोक्यावर उशा, पिशव्या, शाली ठेवू नयेत, आणि तेथील गाळणी प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावी. मराठवाड्याच्या किंवा खानदेशाच्या धुळीत तर हे अगत्याने करावे. बॅटरी तापली की यंत्रणा तिचा वापर आखडते, इंजिन अधिक वेळ चालते, आणि दोन्ही खात्यांत वाढ होते. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर ‘गाडी तर चालते आहे’ म्हणून महिनोन्महिने फिरणे हा कन्व्हर्टरचा घात आहे: एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकत असेल तर कच्चे पेट्रोल जाळीवर जाऊन जळते आणि जाळी वितळते. ती बदलण्याची वेळ आलीच, तर बाजारातला स्वस्त, धातूंचा लेप नाममात्र असलेला तुकडा बसवून घेऊ नये. आणि बाहेरून सीएनजी किट लावून घेण्याचा मोह हायब्रिडच्या बाबतीत कटाक्षाने टाळावा; इंजिन केव्हा उठवायचे, किती तापवायचे आणि केव्हा निजवायचे, याचा सारा सूक्ष्म हिशेब त्या एका उपटसुंभ पेटीमुळे कोलमडतो.

चालवण्याच्या बाबतीत थोडकेच सांगावयाचे आहे. सकाळी निघाल्यावर पहिले दीड-दोन किलोमीटर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवावा, म्हणजे मोटरला भार पेलता येतो आणि जाळीला तापण्यास अवधी मिळतो. दूध, भाजी आणि औषधे यांसाठी तीन वेळा गाडी काढण्यापेक्षा एकाच फेरीत सारी कामे उरकावीत. ‘ईव्ही’ बटण दाबून मुद्दाम विजेवर चालण्यात फुशारकीखेरीज काही पदरात पडत नाही. रिकामी झालेली बॅटरी नंतर इंजिनच भरणार, आणि त्या देवघेवीत काही ऊर्जा वाया जाणार. हे बटण पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता सोसायटीबाहेर पडण्यापुरते ठीक. ब्रेक लांबून, हळू लावावा. एकदम दाबलेल्या ब्रेकमध्ये मोटरची ताकद अपुरी पडून काम ब्रेक पॅडकडे जाते. टायरमधली हवा पंधरवड्यास पाहावी.

इथेनॉलविषयी महाराष्ट्रात विचारणा होणे स्वाभाविक आहे, कारण तो आपल्या साखर कारखान्यांच्या उत्पन्नाचाही प्रश्न आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते आणि ॲव्हरेजही बहुधा तितकेच. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरमागे जवळपास पूर्वीइतकाच राहतो. फायदा मानायचा तो उसाने वाढताना हवेतून घेतलेल्या कार्बनाचा, आणि तो शेतापासून भट्टीपर्यंतचा खर्च वजा करून. शुद्ध इथेनॉलची थंड अवस्थेत वाफ सहज होत नाही, त्यामुळे आरंभीचा धूर हे त्याचे दुबळे अंग. पण इंजिन तापेपर्यंत गाडी मोटरने ओढण्याची सोय हायब्रिडमध्ये असल्याने ही जोडी विजोड नाही. ब्राझीलमध्ये टोयोटाने २०१९ साली अशी कोरोला विक्रीस काढली, आणि २०२३ च्या ऑगस्टात दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते इनोव्हा हायक्रॉसचा तसाच एक नमुना प्रकट झाला.

राहता राहिला पीयूसीचा दाखला. तपासणीस यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये सारतो आणि हायब्रिडचे इंजिन तेवढ्यात बंद पडते. यंत्रावर शून्य उमटते आणि दाखला मिळतो, किंवा मग गाडीच नादुरुस्त ठरते. दोन्ही निकाल निरर्थक आहेत. इंजिन सतत चालू ठेवण्याची खास पद्धत अशा गाड्यांत असते. ती सर्व्हिस सेंटरवर समजून घ्यावी, तपासणीपुरतीच वापरावी आणि त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर चालवू नये. तपासणीस जाण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून तापवावी. या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, नायट्रोजनची ऑक्साइडे नाहीत. त्यामुळे जुनी हायब्रिड विकत घेणाराने केवळ या कागदावर विसंबू नये. गाडीच्या संगणकातील नोंदी यंत्र जोडून वाचून घ्याव्यात, कन्व्हर्टर मूळचा आहे का हे गाडी वर उचलून पाहावे, आणि बॅटरीची हमी किती उरली आहे ते कागदपत्रांवरून तपासावे. टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडांस ती आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी पुरे होईल तोपर्यंत असते. मुदत संपत आलेल्या गाडीचा सौदा ठरवताना नव्या बॅटरीची किंमत आधी विचारून घ्यावी आणि तेवढ्या रकमेची वजावट मागावी.